फॉर्मात तुम्ही हयात आहात

स्वातीचे पप्पा,

चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, एक ओळ लिहीपर्यंत चहा गार होतो. तरी लिहायला बसले आहे. माझ्या हातून घोळ झालाय, आणि तो तुमच्याबद्दलचा आहे. परवा पोरीची पुण्याला मुलाखत आहे. समोर एक खुलासा पडलाय, त्यावर मला सही करायची आहे, पण हात पुढं जाऊन नाही राह्यला.

पहिल्यापासून सांगते. तुमची पोरगी बी.एस्सी. झाली, जालन्यातच एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागली. आता तिला दवाखान्याचा कारभार शिकायचाय. दोन वर्षांचं मोठं शिक्षण असतं म्हणे. मी म्हटलं, "डॉक्टर न्हाई, नर्स न्हाई, मंग तू तिथं करणार काय?"

"दवाखाना चालवणार."

"मंग डॉक्टर काय करतो?"

"डॉक्टर पेशंट तपासतो, आई. पेशंट त्याच्यापर्यंत जल्दी पोचतो का, ते मी बघणार."

ती कशाबद्दल बोलून राह्यली ते मला कळलं. तुम्हाला कळलं का?

तीन कॉलेजांचे कागद तिनं फरशीवर पसरले. कुठं नुसतं वर्गात बसवतात, कुठं वॉर्डात उभं करून शिकवतात, हे ती बघत होती. मी बघत होते कुठून रोज घरी येता येईल. संभाजीनगरचा कागद मी हळूच वर सरकवला.

"आई, पत्ते पिसून राह्यली का?" म्हणाली, आणि पुण्याचा उचलला. तिथं पहिल्याच महिन्यात दवाखान्यात कामाला लावतात.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तिला सुट्टी मिळेना. कागद माझ्याकडं दिले. तिचा निबंध ऑनलाइनवाल्याच्या मोबाइलवर आधीच पाठवलेला. दुकानात चार माणसं उभी, तो भराभर विचारत होता.

"वडील हयात?"

"हाय की."

"काम?"

"कंपनीत."

"चला मावशी, झालं तुमचं."

मुद्दाम नाही केलं हो! तुम्ही गेल्यापासून परक्या माणसाला मी हेच सांगत आले. एसटीत शेजारच्या बाईला, गॅसवाल्याला, भाजीवाल्याला. मालक ड्युटीवर गेलेत! आपल्या मस्तगडच्या खोलीबाहेर तुमच्या चपला अजून ठेवते. लहान पोर घेऊन एकटी राहणारी बाई दुसरं काय करणार? नात्यात सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या तोंडून तो शब्द कुणी ऐकलेला नाही.

काल तिनं भरलेला फॉर्म छापून आणला. वाचता वाचता थांबली. ओरडली नाही, त्याचीच मला धडकी भरली.

"आई, निबंधात पप्पा वारलेत, फॉर्मात हयात आहेत. ते लोक कोणतं खरं धरतील?"

"निबंधात पप्पा कशाला आले?"

हे शिक्षण का घ्यायचं, ते लिहायचं होतं त्यात. मंग तिनं वाचून दाखवलं. अहो, तिला सगळं माहीत आहे! अकरा वर्षांची होती, त्या मोठ्या दवाखान्यात बाकावर तुमच्याजवळ बसलेली. मला वाटायचं, लेकराला काय कळतंय. तिनं लिहिलंय की आई तासभर चुकीच्या रांगेत उभी होती, कारण तातडीच्या पेशंटचं दार कुठं आहे ते तिला कुणी सांगितलं नाही.

कुणी सांगितलं नाही! मी विचारलंच नव्हतं. पाटी उंच होती, बराबर वाचता येईना, आणि विचारायची लाज वाटली. हे मी तिला आजवर बोलले नाही. तुम्ही तरी आरडाओरडा करायचा! छाती धरून बसलात आणि उलट मलाच म्हणालात, "रांग सोडू नको, नंबर जाईल."

तेव्हापासून मला कुठंच धीर धरवत नाही. लोक म्हणतात ही बाई फार खेकसते. खेकसतेच! कुठंही गेले की आधी दहा जणांना विचारते. पण आता विचारून तुम्ही येणार आहात का?

तिनं कॉलेजला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, फॉर्म आता बदलत नाही. पालकाच्या सहीचा खुलासा आणि मृत्यूचा दाखला मुलाखतीला आणा, समिती काय ते ठरवील.

ठरवील म्हणजे काय? खोटारडी म्हणून काढून देतील? जित्या बापाला निबंधात मारलं म्हणतील? आज बियाण्याच्या कंपनीत दाणे निवडताना माझं ध्यानच नव्हतं. चांगले फेकले, किडके ठेवले. मुकादम म्हणाला, "मावशी, घरी जा."

घरी येऊन पेटीतून तुमचा दाखला काढला. इतक्या वर्षांत तो कधी नीट वाचला नव्हता. आज बोट ठेवून वाचला, खालच्या शिक्क्यापर्यंत.

खुलासा स्वातीनंच लिहून ठेवलाय. "माझे पती हयात नाहीत." तिथून पुढं मला वाचवलंच नाही.

परवा मीही तिच्यासोबत जाते आहे. "तिथं कुणावर खेकसू नको," अशी मला ताकीद मिळाली आहे. नाही खेकसणार. पण तुम्हाला वचन देते, खोटं मी सांगितलं, पोरीला त्याचा पत्ता नव्हता, हे समितीपुढं मीच बोलेन. त्यांनी जागा देवो नाहीतर न देवो. लाजेपायी मी विचारलं नव्हतं, तेही तिला गाडीत सांगेन. मंग ती मला काय म्हणायचं ते म्हणो. त्याची तर समितीपेक्षा जास्त भीती वाटते.

आणि मालक नाहीत, हेही माझ्याच तोंडानं सांगेन. पण परक्या लोकांच्या आधी तुम्हाला सांगायला पाहिजे ना?

स्वातीचे पप्पा, तुम्ही वारलात हो.

आता सही करते.

तुमची,
कांता