वेळेवर सोडलेला डाव

हाफ्नारफ्योर्दुर,
१९ एप्रिल

चि. स्वाना,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तूही अकुरेरीला सुखरूप पोचली असशील. घाटात अजून बर्फ आहे असं रेडिओवर सांगत होते, म्हणून काळजी वाटली. फोन केला होता, तू उचलला नाहीस. दमली असशील. स्पर्धा संपली की माणसाला कोणाचाही आवाज नकोसा होतो, हे मला कोणी सांगायला नको. म्हणून हे पत्र. हाताने लिहायची सवय मोडली आहे, अक्षर लावून घे.

इथे वारा सुटलाय तो थांबायचं नाव घेत नाही. मागच्या दाराची कडी पुन्हा निसटली. ती बसवली, बंदरापर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. घरात बसवत नाही. सोमवारपासून शाळेतले वर्ग सुरू होतील ते बरं. ग्रँडमास्टर म्हणून सरकारचा पगार खायचा तर पोरांना पटावरचा घोडा कसा चालतो ते शिकवायलाच हवं.

काल तुझी आई फोनवर म्हणाली की ग्रँडमास्टर किताबाच्या अर्जावर तू सही करणार नाहीस. मला वाटलं, रान्वेग नेहमीसारखी तिखटमीठ लावतेय. पण तिचा आवाज तसा नव्हता.

अगं, हे काय खूळ काढलंस? किताबाला लागणारे तीन नॉर्म, म्हणजे तीन स्पर्धांतले ठरलेले गुण, त्यातले दोन तुझे केव्हाच झाले होते. तिसऱ्याला शेवटच्या फेरीत पूर्ण गुण हवा होता, बरोबरी चालणार नव्हती, आणि नेमका समोर आलो मी. जोड्या मी लावत नाही, तूही लावत नाहीस. तू खेळलीस, मी डाव सोडला, हात पुढे केला, अर्नदीसने पंच म्हणून निकाल लिहिला. घडलं ते एवढंच.

आता लोक म्हणतात, डाव सोडायच्या वेळी बरोबरी होती. नंतर मलाही कळलं. कॉम्प्युटर उघडून बसलेल्याला काय, सगळंच दिसतं. बुडालेला डाव ग्रँडमास्टर ओढत बसत नाही. मात होईपर्यंत थांबणं म्हणजे पंगत उठल्यावर ताट चाटत बसणं, हे तुला लहानपणापासून सांगत आलोय. तू कधी ऐकलं नाहीस ते सोड. नुसता राजा उरला तरी तू हात पुढे करायची नाहीस, समोरचा कंटाळून चुकेल म्हणून वाट बघायचीस. मी मात्र वेळेवर सोडतो. या खेपेला जरा लवकर सोडला. हॉलमध्ये उकडत होतं, मी थकलो होतो. होतं असं.

सही करून टाक. बुद्धिबळ संघटनेची बैठक पुढच्या महिन्याच्या अखेरीला आहे.

तुझा,
बाबा


हाफ्नारफ्योर्दुर,
३ मे

चि. स्वाना,
आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, चार ओळी. त्या इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे आपण काय लिहिलंय ते तुला कळेल.

"बाबा, तू डाव सोडलास आणि मोहरे डब्यात भरायला लागलास. कोपऱ्यातला तुझा हत्ती हातात आला तेव्हा तू हसलास. मी बघत होते. त्याच हत्तीने शह दिला असतास तर बरोबरी होती, आणि तुला ते माहीत होतं. मला भीक नको."

भीक हा शब्द तुला कुठून सुचला? तुझ्या बापाने आयुष्यात कोणाला अर्धा गुण फुकट दिलेला नाही. विचार हव्या त्याला. मित्रांनासुद्धा नाही, शेवटच्या फेरीत हात मिळवून लवकर जेवायला जायचं असलं तरी नाही. त्यापायी किती मित्र गेले ते तुझ्या आईला विचार. आणि माणूस हसतो त्याला हजार कारणं असतात.

शाळेतले वर्ग चालू झाले. पोरं गोंगाट करतात, मी खिडकीशी उभा राहतो. बाकी बातमी अशी नाही.

हो, परवा पोहण्याच्या तलावावर गेलो होतो. गरम पाण्याच्या हौदात नेहमीची मंडळी होती. स्तेइनार, तोच तो बोटीवरचा म्हातारा कप्तान, मला बघून सरकला आणि जागा करून दिली. एरवी तो कुणासाठी सरकत नाही.

"या ग्रँडमास्टर. लेकीला आहेर केलात म्हणे."

"कसला आहेर?"

"आता आमच्यापुढे सोंग नको. माझा जावई मोबाइलवर बघत होता. म्हणाला, ओट्टारने हत्ती नुसता सरकवायचा होता. शेंबड्या पोराला दिसेल. आणि ओट्टारला दिसला नाही?" त्याने डोळा मारला. "आमच्या बोटीवर त्याला आम्ही जाळं ढिलं सोडणं म्हणतो."

बेकरीवाली तोरा म्हणाली, "बाप असावा तर असा. आमच्या बापाने मला कधी सायकलवर पुढे बसू दिलं नाही."

"गप गं. बघ कसा लाजतोय," स्तेइनार तिला म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. उगीच पाण्यात बसून कोण वाद घालणार. निघताना स्तेइनारने पाठीवर थाप मारली, आणि खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं.

समज, अगदी क्षणभर समज, की मी दिला असता. तरी काय बिघडलं? बाप लेकीला घर देतो, गाडी देतो, कोणी त्याला भीक म्हणत नाही. जगात कितीतरी किताब आधी ठरवलेल्या बरोबऱ्यांवर उभे आहेत, ते लोक खुशाल नावापुढे लावून हिंडतात. तुला तसंच समजायचं असेल तर समज. पण सही कर.

वरचं खोडणार होतो. पुन्हा लिहायचा कंटाळा आला, राहू दे.

बाबा


हाफ्नारफ्योर्दुर,
१२ मे

स्वाना, बाळ,

तुझी आई काल येऊन गेली. फोन न करता आली, कोट न काढता स्वयंपाकघरात बसली. कॉफी दिली ती तशीच गार झाली. तू ऑलिम्पियाडच्या संघातून नाव काढून घेतलंस, पुस्तकं अकुरेरीच्या वाचनालयाला देऊन टाकलीस आणि मासळी कंपनीच्या ऑफिसात पूर्ण वेळ नोकरी धरतेयस, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "ओट्टार, तू माझ्याशी नीट वागला नाहीस ते जाऊ दे, ते जुनं झालं. आता एकच सांग. डाव तू दिलास का?"

मी म्हणालो, "लोक म्हणतात तसं."

"मी लोकांना विचारायला इतक्या लांब आले नाही."

मी तिची गार कॉफी ओतून टाकायला उठलो. ती गेली. तेव्हापासून मी या खुर्चीत बसतोय, उठतोय. खिडकी उघडली, लावली. तीन कागद फाडले. आता आहे ते लिहितो.

मला तो हत्ती दिसला नाही.

दिसला नाही म्हणजे त्याची चाल सुचली नाही, असं नाही. चाल न सुचणं मला ठाऊक आहे, ते सगळ्यांचं होतं. तो हत्ती पटावर आहे हेच माझ्या डोक्यात नव्हतं. तुझं प्यादं वजीर होणार होतं. मी माझा राजा पाहिला, उंट पाहिला, तुझा वजीर कुठे बसेल ते पाहिलं, सगळे रस्ते दोनदोनदा चालून आलो, आणि रस्ता नाही म्हणून मानाने हात पुढे केला. एखाद्या नवशिक्याने सोडला नसता. तो आशेवर बसला असता, इकडेतिकडे बघत राहिला असता, आणि कधीतरी त्याची नजर त्या कोपऱ्यात गेली असती. मला बघत बसायची लाज वाटली. वेळेवर सोडायची माझी ऐट मला नडली.

मग मोहरे भरताना तो हातात आला. मला वाटलं, हा कुठला? शेजारच्या पटावरचा मिसळला असेल. शेजारच्या पटाकडे बघितलंसुद्धा, तिथे त्या रंगाचे दोन्ही हत्ती जागेवर होते. तेव्हा कळलं की हा माझाच. आणि मला हसू आलं. घाबरलो की मला हसू येतं, तुझ्या आजोबांना मातीत ठेवताना आलं होतं, तेव्हा तुझ्या आईने दंडाला चिमटा काढला होता. तू त्या दिवशी पाहिलंस ते हसू तसलं होतं.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. हिवाळ्यात हॅम्बर्गला मी माझ्याच प्याद्याच्या घरात उंट ठेवायला निघालो होतो. समोरचा भला माणूस, गंमत समजून हसला, मीही गंमत केल्यासारखं दाखवलं. पूर्वी डोळे मिटले तरी अख्खा पट समोर असायचा. आंघोळ करताना, गाडी चालवताना, तुझ्या आईशी भांडतानासुद्धा असायचा, त्यावरूनच भांडणं व्हायची. आता त्याचा एखादा कोपरा विझतो, आणि विझलाय हे मला कळत नाही. डॉक्टरची वेळ घेतली आहे, पुढच्या मंगळवारची. ते काय सांगतील याची मला भीती वाटते, हे तुझ्यापासून आता लपवत नाही.

मग लोकांना मी हे का सांगितलं नाही? कारण त्यांनी मला याहून बरी गोष्ट आयती आणून दिली. दिलदार बाप. हत्ती न दिसलेला म्हातारा होण्यापेक्षा ते मला सोपं वाटलं. तू किताबाला हात लावायला तयार नव्हतीस आणि मी हौदात बसून तुझ्या जिवावर शाबासकी घेत होतो. मागच्या पत्रात तर मी तुलाच ते पटवायला निघालो होतो. तू इथे असतीस तर मी ते तोंडाने बोलू शकलो नसतो.

आज सकाळी तलावावर जाऊन स्तेइनारला सांगितलं, सगळ्यांसमोर. त्याने तोंडावरचं पाणी पुसलं.

"म्हणजे पोरीने तुला खरंच झोडपलं?"

"खरंच."

"मग तसं सांगायचं ना माणसा. इतके दिवस तोंडात मासा धरून बसलास." मग म्हणाला, "डोळे तपासलेस का?"

"डोळ्यांचं नाही ते."

"हं," तो म्हणाला. तोराने मात्र दारापर्यंत येऊन माझा हात धरला. मला ते नको होतं.

अर्नदीसलाही कळवलं आहे, आणि संघटनेच्या अध्यक्षांना. पुढच्या मोसमात संघाच्या पहिल्या पटावर कोणाला बसवायचं ते त्यांनी ठरवावं, माझा हट्ट नाही असंही लिहिलं. तेराव्या वर्षापासून मी हे सोडून दुसरं काही केलेलं नाही. उद्या सकाळी उठून मी करायचं काय, मला माहीत नाही.

एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. पण मग तू म्हणशील, बाबाचा कोपरा विझला म्हणून जिंकले, नाहीतरी त्याने मला जिंकू दिलंच असतं. तुला अजून तसं वाटत असेल तर ते मनातून काढ. सगळे धरून चालले होते की बाप लेकीला आडवा जाणार नाही, पुढ्यात बसून कसंतरी हरेल. तू स्वतः तेच धरून होतीस, म्हणून आदल्या दिवशी मला बजावलंस, कमी खेळलास तर मला लगेच कळेल.

डावाच्या दिवशी सकाळी न्याहारीला तू समोर होतीस. स्कीर-दह्याच्या वाटीत चमचा फिरवत होतीस, एक घास खाल्ला नाहीस. मी ते बघत होतो. तुझ्या घशाखाली घास उतरत नाही हे बघून मला बरं वाटलं. मी मनात तुझ्या सुरुवातीच्या चालींतली कच्ची जागा शोधत होतो, ती जागा मला माहीत होती, मीच तुला तिथून शिकवलं होतं. मला वाटत होतं, हिला आज हरवलं तर मी अजून आहे. तुझा किताब जाईल हे मला दिसत होतं, चांगलं लख्ख दिसत होतं. तरी मी त्याच जागेवर घाव घातला. तू सावरलीस. मी पुन्हा घातला. तू परत सावरलीस आणि मला ढकलत ढकलत त्या टोकाला नेलंस. मी जे काही होतो, जेवढा उरलो होतो, तेवढा सगळा त्या दुपारी तुझ्या विरुद्ध बसला होता.

सही करायची की नाही ते तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही. पण भीक म्हणू नकोस. भीक घालायला हातात काहीतरी असावं लागतं आणि ते द्यायची इच्छा असावी लागते. माझ्या हातात काय आहे ते मला दिसत नव्हतं. आणि दिसलं असतं, तर मी तुला ते दिलं नसतं.

तुला हरवायला बसलेला,
बाबा