ओले मोजे

पिस्कॅटवे,
९ फेब्रुवारी १९९३

तीर्थरूप बाबा,

उपासनाचा जय भीम. आईलाही सांगा. मी वेळेवर जेवते, परदेशातल्या या थंडीची काळजी करू नका.

माझी रूममेट आमरा बोस्नियाची. तिच्या देशाची फौज कशी उभी राहिली, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या महार रेजिमेंटसारखं तिथे काहीच नाही. देश स्वतंत्र होऊनच अजून वर्ष झालं नाही, तोच लढाई सुरू झाली. ज्याच्याकडे शिकारीची बंदूक होती, तो ती घेऊन आला. तिघांत एक रायफल. ड्यूटी संपली की पुढच्याच्या हातात द्यायची. आमराचा भाऊ सेनाद शाळामास्तर. पोरं त्याचं ऐकतात, म्हणून त्यालाच कंपनी कमांडर केलं.

त्याच्यासाठी तुम्ही लिहिलेला सल्ला, 'रोज प्रत्येकाचे पाय स्वतः बघ, ओले मोजे उतरव, नाहीतर खंदकात पाय सडतात', मी आमराला इंग्रजीत सांगितला. तिने तो एका हॅम रेडिओवाल्याकडून, म्हणजे घरून बिनतारी संदेश पाठवणाऱ्या हौशी माणसाकडून, तिकडे कळवला.

काल उत्तर आलं. ते सेनादचं नव्हतं. नवा कमांडर म्हणतो, "मास्तर शेवटच्या दिवसापर्यंत आमचे पाय बघायचे. आता मी बघतो."

आमराने कालपासून ताटाला हात लावला नव्हता. मी तिला हाताने वरणभात भरवला.

आपल्या धाकट्या प्रितमची फौजेत भरती याच महिन्यात ना? तुम्ही सुभेदार, तुम्हाला मी काय सांगणार! त्याच्या पायाचा नंबर तेवढा कळवा, इथून लोकरीचे मोजे पाठवते.

तुमची,
उपासना