पुलाच्या वरची बदकं

चि. सौ. धाकटीस, थकलेल्या दादाचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? मेव्हण्यांचा खोकला गेला, की नुसता बाहेरच्या खोलीत झोपायला लागलाय? विहीणबाईंना ऐकू यायला लागलं का? (नसेल तर यंत्राची घाई करू नका, त्या सुखात आहेत.) भाचीची परीक्षा? आम्ही आहोत आपले.

तर तुमच्या खालच्या शहराने वरच्या आम्हा लोकांना कबूल केलं, की नदी स्वच्छ राखा, दरवर्षी भरपाई देऊ. आम्ही रंगाचा कारखाना येऊ दिला नाही, गोठे टेकडीवर नेले. भरपाईतून दवाखाना झाला, नर्सबाई आल्या. (माझं ब्लडप्रेशर पूर्वी अंदाजाने वाढायचं, आता यंत्रावर वाढतं.) पण ज्याला नाही म्हणता येत नाही तो गावकामाचा, म्हणून नदीचा राखणदार मी. टोपी मिळाली, ती नाकापर्यंत येते. शिट्टी मिळाली, ती वाजवली की मलाच धाप लागते.

हद्दीच्या पुलाखाली दर महिन्याला बाटली बुडवून पाणी तपासतात. दोनदा वाईट निघालं. तिसऱ्यांदा निघालं की भरपाई बंद आणि नर्सबाई परत. आठवडाभर काठाने हिंडलो, दिसेल त्याच्यावर शिट्टी मारली, बिचाऱ्या न्हाव्यावर संशय घेऊन त्याच्याशी अबोला धरला. शेवटी गुन्हेगार सापडले. नेमके बाटली बुडवायच्या जागी डुंबत होते. तुझ्या वहिनीची अकरा बदकं! आपलेच दात, आपलेच ओठ. काखोटीला मारून टेकडीवर नेली, तर माझ्या आधी खाली हजर. कुंपण घातलं, तर त्याखालून वाट काढली. विकू म्हटलं, तर वहिनी म्हणते, "आधी मला विका. अंडी शालीत गुंडाळून उबवली मी, तेव्हा तुम्ही घोरत होतात."

असो. न्हाव्याची माफी मागायची राहिलीय, दाढी वाढलीय. सगळ्यांना आशीर्वाद.

ता. क. तुझं घर पुलाच्या खालच्या अंगाला आहे, हे काल एकदम ध्यानात आलं. तिथे बदकांनी काय करावं याबद्दल नियमात अवाक्षर नाही. तुम्ही पाणी उकळूनच पिता ना? अंगण मोठं आहे, मनही. ठेवशील का?

आणखी ता. क. तू नाही म्हणणार नाहीस असं धरून वहिनीने आज सकाळी त्यांना पुलाखालून पाण्यात सोडलं. पोस्टमनपेक्षा नदी चपळ, तेव्हा एव्हाना तुझ्या पायऱ्यांवर असतील. वहिनी अजून पुलावरच उभी आहे, जेवलेली नाही.

शेवटचा ता. क. मोजताना दहाच धर. अकरावं आत्ता प्रवाहाच्या उलट पोहत परत आलं आणि उद्या बाटली बुडवायचा दिवस. बाकीची तुझ्याकडेच आहेत, एवढं तरी उलट टपाली लगेच कळव.