दोघींच्या सारख्याच चुका

११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पायाला प्लास्टर असताना स्टुलावर चढून माळ्यावरची वह्यांची पेटी काढलीस, हे वाचून मी कपाळावर हात मारला. हे म्हणाले, बाईंना अंगठे धरून उभं करायला आता कुणी हेडमास्तर उरला नाही, त्याचा हा परिणाम.

पण आज हसू फार टिकणारं नाही. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा निकाल काल लागला. तुझ्या दोन्ही भाच्यांच्या नावापुढे गुण नाहीत, ‘निकाल राखून ठेवला आहे’ एवढंच. हे दुकानातून तसेच धावले, हाताला चष्म्याच्या काचांची पांढरी पूड लागलेली. परीक्षा कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसाने सांगितलं, की दोघींची मिळून जी उत्तरं चुकली आहेत, त्यांतली बावीस अगदी सारखी चुकली आहेत. बाक शेजारशेजारचे. म्हणजे एकीने दुसरीचं पाहिलं, हे उघडच आहे म्हणे.

थोरलीचं वर्ष काविळीत गेलं नसतं, तर दोघी एकाच वर्षी बसल्याच नसत्या. आडनाव एक, म्हणून नंबर लागोपाठ. आता ह्याला काय म्हणायचं? धाकटी घरभर आदळआपट करते आहे. थोरली गप्प आहे. मला तिच्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटते.

तुझं डोकं शांत असतं. काय करावं ते लिही. माया आहेच, ह्या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझी,
छोटी


१६ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशी गाठलीस तरी मला ‘काय करावं’ विचारतेस, हे बरं वाटलं. पण पत्र वाचून जेवण गेलं नाही. कारण तुला सांगते.

छत्तीस वर्षं मी गणित शिकवलं आणि प्रत्येक वर्गाला एक गोष्ट सांगितली. अडलं की तिसरा पर्याय. रिकामं सोडायचं नाही, घुटमळायचं नाही, तिसऱ्यावर खूण करून पुढे जायचं. एप्रिलमध्ये दोघी माझ्याकडे राहिल्या, तेव्हा माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यांच्याकडूनही तेच घोटून घेतलं. थोरलीने विचारलंसुद्धा, मावशी, उत्तर चौथं असलं तर? मी म्हटलं, तर चुकेल, पण वेळ वाचेल.

त्या बावीस उत्तरांत बघ. बहुतेक ठिकाणी दोघींनी तिसराच पर्याय लिहिला असेल. दोघी एकाच टेबलावर शिकल्या, म्हणून एकाच जागी अडल्या, आणि अडल्यावर दोघींनी माझंच ऐकलं. एवढाच त्यांचा गुन्हा.

हे प्लास्टर नसतं तर पुढच्या गाडीने आले असते. सोबत सविस्तर निवेदन लिहून पाठवते आहे. जुन्या विद्यार्थ्यांना चाळीस कार्डं टाकली आहेत, की मी काय शिकवत होते ते तुमच्या शब्दांत लिहून द्या. घाबरू नकोस. गणित कुणाची बाजू घेत नाही. मुलींना पोटाशी धर.

तुझी,
ताई


९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सुनावणी झाली. तुझं म्हणणं खरं निघालं, बावीसपैकी एकोणीस ठिकाणी तिसराच पर्याय होता. मी ते मोठ्या आशेने सांगितलं. लांब टेबलामागे तिघे होते. त्यातला एक सगळा वेळ पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत बसला होता.

अध्यक्षांनी तुझं निवेदन वाचलं आणि म्हणाले, बाई मुलींच्या सख्ख्या मावशी आहेत, ह्याला पुरावा म्हणता येत नाही. मग मी तुझ्या विद्यार्थ्यांची अकरा पत्रं पुढे केली. नर्स, बँकेतला कॅशियर, तो बस चालवणारा, सगळ्यांची. त्यांनी ती शेजारीशेजारी मांडली. सगळ्या पत्रांत ‘अडलं की तिसरा’ हेच शब्द आहेत, तेव्हा कुणीतरी सांगून लिहवून घेतलेली दिसतात, असं म्हणून त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली.

धाकटीला राहवलं नाही. ती म्हणाली, एकाच बाईंनी शिकवलं तर शब्द वेगळे कुठून येणार? त्यांनी तिला आवाज खाली ठेवायला सांगितलं. मग थोरली उभी राहिली. तिने अगदी हळू विचारलं, की आत्ता, ह्याच इमारतीत, दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून नवा पेपर द्याल का? मला वाटलं, आता सुटलो. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नियमात तशी तरतूद नाही, असं उत्तर आलं.

बाहेर आल्यावर हे जिन्यातच खाली बसले. ताई, इतकी वर्षं मी ह्या माणसाला कुठे असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

तुझा धीर थोडा इकडे धाड.

छोटी


२४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून फाडून टाक.

परवा कार्यालयातल्या कारकुनाने ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की एक वाट आहे. दोघींपैकी एकीने लिहून द्यायचं, की मी पाहून लिहिलं आणि दुसरीला त्याची कल्पना नव्हती. मग दुसरीचा निकाल मोकळा होईल. लिहून देणारीला तीन वर्षं परीक्षेला बंदी. नाही दिलं, तर दोघींना बंदी. मुदत महिनाअखेर. तो बिचारा चांगल्या मनाने सांगत होता, हेच जास्त लागलं.

घरी येऊन ह्यांनी एवढंच सांगितलं, की माझी एकही मुलगी खोटं लिहिणार नाही. त्यानंतर ते दुकानात जातात, काचा घासतात आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडतात.

मी मात्र विचार करत राहिले. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालताना दिवसभर एकच चक्र. थोरलीचं एक वर्ष आधीच गेलंय. आणखी तीन गेली, तर ती उठायची नाही. धाकटी कणखर आहे, लहान आहे, निभावून नेईल. काल मी धाकटीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि तिला विचारलं. होय ताई, मी विचारलं, की तू लिहून देशील का.

 ती म्हणाली, मी पाहिलेलं नाही आणि पाहिलं असं लिहिणार नाही. दाराशी जाऊन वळली आणि विचारलं, की माझ्या ताईला आधी विचारलंस की मलाच? मी वळून गॅस बारीक केला. तेच तिला उत्तर मिळालं.

तू रागावशील. रागव. पण पत्र पाठव.

छोटी


२८ जुलै

छोटे,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, पण आहेत.

तू आई आहेस, तराजू नाहीस. मुली तोलायला तुला कुणी सांगितलं होतं? धाकटीला जवळ घे आणि तिची माफी माग, आजच. लाज वाटली तरी माग.

आणि कुणीही कशावरही सही करायची नाही. माझा एक विद्यार्थी आता वकील आहे. तो म्हणतो, दावा उभा राहील. दोन वर्षं लागतील, पण उभा राहील. दोन वर्षं मुली माझ्याकडे राहू देत.

रागाच्या भरात लिहिते आहे, पण खरा राग माझाच मला येतोय. तो तिसरा पर्याय मी दिला. मुलींनी माझं ऐकलं नसतं, तर आज सुटल्या असत्या. आज्ञाधारक पोरींची अशी गत होते, हे मी कुठल्या वर्गाला शिकवणार होते?

थांबा. माझी वाट पाहा. मंगळवारी प्लास्टर निघतंय.

ताई


३१ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, तेव्हा मी नुकतीच परीक्षा कार्यालयातून परतले होते. मी लिहून दिलं.

घरात कुणाला सांगून गेले नव्हते. कारकुनाने मला खुर्ची दिली, मजकूर सांगितला आणि ‘शेजारच्या’मधला माझा एक काना राहिला होता, तो दुरुस्त करून घेतला. फार वेळ लागला नाही.

आई धाकटीशी बोलली, तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होते. आपली भिंत तुला माहीत आहे, पलीकडे शिंकलं तरी अलीकडून ‘शतं जीव’ म्हणता येतं. धाकटी ‘नाही’ म्हणाली ते बरोबरच होतं. पण ‘आधी मलाच विचारलंस का’ असं तिने विचारलं, तेव्हा मला कळलं, की आता हे लवकर संपवायला हवं. आणखी चार दिवस गेले असते, तर निकाल लागो न लागो, ह्या घरात कुणी कुणाचं राहिलं नसतं.

घरात बसून राहणं मला जमतं. काविळीत सराव झालाय. तू वकिलांना नको म्हणून कळव, माझी सही असताना ते तरी काय करणार? आणि आईला बोलू नकोस. ती मला वाचवायला निघाली होती.

तुझी,
थोरली


२० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

धाकटी कॉलेजात गेली, वसतिगृहात जागा मिळाली. निघताना मला वाकून नमस्कार केला, डोळ्याला डोळा मात्र दिला नाही. तिची पत्रं वडिलांच्या नावाने येतात. शेवटी ‘घरी सर्वांना नमस्कार’ असतं, त्या सर्वांत मी.

थोरली ह्यांच्या शेजारी दुकानात काचा घासते. हात चांगला बसलाय, गिऱ्हाइकं विचारतात, मुलगी शिकत नाही का? हे काचेवरून मान वर करत नाहीत. शाळेने गुणवंतांच्या फळ्यावरून तिचा फोटो काढून टाकला. तिथला चौकोन बाकीच्या फळ्यापेक्षा उजळ दिसतो, असं तिनेच हसत सांगितलं. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

तू म्हणालीस तशी मी धाकटीची माफी मागितली. ती म्हणाली, असू दे आई. त्यापेक्षा तिने भांडायला हवं होतं.

बाकी काय लिहू. तुझ्या आठवणीत आम्हाला जागा असू दे.

छोटी


९ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पाय आता ठीक असेल. हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे, आईला कधी कळू देऊ नकोस.

धाकटी सुट्टीला आली होती. पहिले चार दिवस ती नीट जेवलीच नाही. ताटात चिवडत बसायची. वाळली आहे. अभ्यासात मन लागत नाही, पहिल्या चाचणीत दोन विषय राहिले. बाबांचा चेहरा पाहवत नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. तिने एक चादर पिळली, पुन्हा पिळली, तशीच हातात धरून उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, की ताई, खरं सांग, तू माझ्या पेपरात पाहिलं होतंस का?

मावशी, जगात मोजून चार माणसं होती, ज्यांना हे विचारायची गरज नव्हती. मला आधी वाटलं, ती मला दुखवायला विचारते आहे. मग मी तिचे हात पाहिले. पाणी संपलं तरी पुन्हा चादर पिळत होते. ती ‘हो’ मागत होती. मी पाहिलं असेल, तर तिची जागा तिची स्वतःची. नसेल पाहिलं, तर ती रोज माझ्या जागेवर जाऊन बसते.

मी हो म्हणाले. तीनचार उत्तरं पाहिली असं सांगितलं.

 तिने चादर वाळत घातली, चिमटे लावले. रागावली असावी असं मला वाटलं, पण राग नव्हता, सुटल्यासारखी दिसत होती. त्या रात्री ती पोटभर जेवली, आईकडे दुसऱ्यांदा भात मागितला, आणि आईने इतक्या दिवसांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी बस सुटताना तिने खिडकीतून मला सांगितलं, की मी तुला माफ केलं.

मी मान हलवली.

आता तुम्ही तिघंच उरलात. तू तरी मला कधी विचारू नकोस.

तुझी,
थोरली