रिकाम्या जागेची तपासणी

मु. झेलेना, सॅस्कॅचेवन
मार्चचा दुसरा मंगळवार

तीर्थरूप नास्त्याताईस,

धाकट्या पान्कोचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्यानेच केला आहे, बाकीचा भाग तू मनात धरून घे.) तुझं ढोपर, तुझा रक्तदाब आणि रेजायनाच्या त्या इमारतीत तुझ्या डोक्यावर ऑर्गन वाजवणारी बाई, तिघांचंही बरं असेल अशी आशा करतो. माझं ठीक आहे.

काल चहा ओतताना एकाएकी तुझ्या बुटांचा आवाज ऐकू आला. आताच्या नव्हे, शाळेतल्या. पायरीवर तू बर्फ झटकायचीस तो आवाज. उजवा बूट दोनदा, डावा एकदा. ठक ठक, ठक. मिस ॲबरनेथीबाई फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायच्या की सावचुकांची थोरली आली, आणि मग तुझ्या कोटाचं टोक धरून मी आत यायचो. त्यानंतर सगळा वर्ग उभा राहून ती दीपगृहाची कविता म्हणायचा, अकरा कडवी. समुद्र आमच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता. मी तर कितीतरी वर्षं दीपगृह म्हणजे रेल्वेरुळाजवळचं धान्याचं उंच कोठार समजत होतो, आणि गव्हात बुडणाऱ्या खलाशांसाठी रडत होतो. कविता मला अजून पाठ आहे. फक्त सातवं कडवं जातं. सहाव्यात वादळ येतं, आठव्यात नाव किनाऱ्याला असते, मधे काय झालं ते आठवत नाही. तुला येत असेल. तुला सगळंच यायचं.

शाळेवरून आठवलं. आपली शाळा गेल्या उन्हाळ्यात विकली, लाकडी फळ्यांच्या भावाने. मी त्या फळ्या आणल्या आणि त्यांचा मेंढवाडा बांधायला घेतला. बाकीच्यांना तो मेंढवाडा वाटला, मला ती शाळाच वाटत होती. पायरी तीच, दार तेच, आणि उत्तरेच्या भिंतीत ती फळी, जिच्यावर मी चाकूने चौथं कडवं कोरलं होतं आणि ज्याबद्दल तुझ्यावर आळ आला होता. (ते मीच केलं होतं. आता सांगायला हरकत नाही.) भिंती उभ्या राहिल्या, आणि छताच्या पत्र्यांपर्यंत येता येता माझी पुंजी संपली. तेव्हा मी शेतकी खात्याच्या मदतवाहिनीवर फोन लावला.

हे खातं फार प्रेमळ आहे, ताई. दर ऋतूला पुस्तिका पाठवतं. वसंतात पुराची येते, उन्हाळ्यात दुष्काळाची, शरदात वणव्याची. मी त्या मोठ्याने वाचतो. दुष्काळाची तर चालीवर म्हणता येते. फोनवर कॉलीन नावाची मुलगी असते. तिचा आवाज असा की वाटावं, आपल्या मेंढीला खोकला झाला तर हिला झोप लागायची नाही. तिने लहान कळपांसाठीची हिवाळी निवारा योजना सांगितली. नवा निवारा बांधायचा, अर्धा खर्च सरकारचा. मी म्हटलं, माझा बांधून होत आलाय, छत तेवढं राहिलंय. मग ती हळूच म्हणाली, "मिस्टर सावचुक, मंजुरीआधी सुरू झालेलं काम योजनेत बसत नाही हो." मी विचारलं, आणि तिथे काहीच नसेल तर? ती म्हणाली, जागा रिकामी असेल तर प्रश्नच नाही.

तिला बहुधा वेगळं काही म्हणायचं होतं. पण मी सरळ माणूस. अर्ज धाडला, फेब्रुवारीत शेजारच्या फेदिरला बोलावलं आणि आम्ही दोघांनी चार दिवसांत मेंढवाडा पाडला. मंजुरी येताच तो जसाच्या तसा उभा करता यावा म्हणून प्रत्येक फळीवर खडूने आकडा घातला. (चौथ्या कडव्याची फळी एकशे बाराव्या क्रमांकाची. पुढे बर्फाने खडू पुसला, ती गोष्ट निराळी.) फेदिर खिळे उपसता उपसता एकसारखा बोलत होता. म्हणे, "पान्को, मला एक सांग. सरकार पैसे देतंय ते निवाऱ्याला, का निवारा नसण्याला? नसण्याला देत असेल तर माझ्याकडे पुष्कळ काय काय नाहीये." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याला शाळेतसुद्धा दुसऱ्या कडव्यापुढे कधी जमलं नाही.

हिशेब माझा पक्का होता. मेंढ्या व्यायच्या एप्रिलच्या मध्यात, तोवर मंजुरी, पत्रे, भिंती, सगळं जागच्या जागी. पण आपला एडका, ज्याचं नाव मी राजकवी ठेवलं आहे, तो ऑक्टोबरातच कुंपणापलीकडे गेला होता. फाटक उघडं राहिलं होतं. कोणी ठेवलं असं विचारू नकोस. त्या दिवशी मी फाटकाशी उभा राहून सातवं कडवं आठवत होतो, आणि जरा वेळाने तिथून निघून गेलो. एकोणीस मेंढ्या, ताई, आणि राजकवीने एकीलाही नाराज केलं नाही. पाच महिने मोजून बघ. मार्चच्या तीन तारखेला, भर दुपारी, असं बर्फाचं वादळ की आपलंच नाक दिसू नये, आणि त्यात पहिलं कोकरू आलं. उणे अठ्ठावीस. मेंढवाडा पाडलेला, फळ्या तीन फूट बर्फाखाली. कोकराचे ओले कान माझ्या हातात कडक व्हायला लागले.

मग मी त्यांना घरात घेतलं. दुसऱ्या कोणत्याही माणसाने हेच केलं असतं. स्वयंपाकघरात पाच मावल्या, उरलेल्या आतल्या मोठ्या खोलीत गेल्या. (कोणती मोठी खोली ते पुढे सांगतो.) खात्याची मार्चची पुस्तिका नेमकी त्याच दिवशी आली होती, 'थंडीत कोकरू जगवण्याच्या बारा गोष्टी'. पहिल्या चार मला तोंडपाठ आहेत. पाचवीपासून पुढचं विलापिकेने खाल्लं. विलापिका म्हणजे ती काळ्या तोंडाची, जी सदा कोणाच्यातरी अंत्ययात्रेला आल्यासारखी ओरडते. बाकीच्यांना मी चौथ्या गोष्टीपर्यंत आणि पुढे दीपगृहाच्या भरवशावर सोडवलं. वेणांमध्ये कविता लागू पडते. सहाव्या कडव्यावर बहुतेक जणी मोकळ्या होतात, त्यामुळे सातवं नसल्याने अडलं नाही. आजवर चौदा कोकरं झाली, चौदाही जिवंत.

या सगळ्यात, गेल्या शुक्रवारी, रिकाम्या जागेची तपासणी करायला साहेब आले. मिस्टर पिंडर. तरुण, सहा फूट, शहरी बूट. त्यांनी बर्फात उभं राहून कुठेच काही नसलेल्या जागेची लांबी-रुंदी टेपने मोजली. टेपचं दुसरं टोक माझ्याकडे. जागा चोवीस बाय तीस फूट रिकामी भरली. त्यांनी तिचा चारही बाजूंनी फोटो काढला. मला म्हणाले की इतकी नीट रिकामी जागा त्यांनी या जिल्ह्यात पाहिली नाही. (फेदिर कुंपणाशी उभा राहून बर्फाखालच्या फळ्यांवर पाय आपटत होता, ते मला आवडलं नाही.) इथे ते निघून गेले असते तर आज पत्रे आले असते. पण थंडीत आलेल्या माणसाला बिटाच्या गरम बोर्श्तची वाटी न देता पाठवायचं, असं आपल्या आईने आपल्याला शिकवलं नाही.

त्यांनी पहिला चमचा तोंडाशी नेला आणि आतून विलापिका ओरडली. कोकरू आडवं आलं होतं, एक पाय मागे. माझे हात सुजलेले, आत जाईनात. साहेबांचे हात लांब आणि सडपातळ. त्यांनी विचारलं की पुस्तिकेत याबद्दल काय दिलंय, मी म्हटलं, ती नववी गोष्ट असणार, आणि ती हिच्याच पोटात आहे. मग त्या मुलाने कोट काढला, बाह्या सारल्या आणि गालिच्यावर आडवा पडला. मी दिवा धरून कविता म्हणत होतो. तिसऱ्यांदा सहावं कडवं आलं तेव्हा कोकरू त्यांच्या मांडीवर आलं, आणि ते साहेब, ताई, गळ्यातल्या टायने त्याचं तोंड पुसत रडत होते.

मला वाटलं, झालं काम. पण रडून झाल्यावर त्यांनी हात धुतले, फाइल उघडली आणि खोलीभर नजर फिरवून लिहायला घेतलं: जनावरांना निवारा उपलब्ध, पक्की इमारत, शेगडी, दोन खिडक्या, पडदे. मी म्हटलं, अहो हे घर आहे. त्यावर ते फार दुःखी होऊन म्हणाले, "मिस्टर सावचुक, हे घर असेल तर मेंढ्या येत्या शुक्रवारपर्यंत बाहेर पाहिजेत. निवारा असेल, तर मग तुम्ही इथे राहत नाही."

बाहेर काढली तर कोकरं तासभर टिकायची नाहीत, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी नियमावली पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. शेवटी एक आपत्कालीन कलम सापडलं. विण्याच्या काळात जनावरं तात्पुरती राहत्या घरात ठेवता येतात, मात्र घरात राहणाऱ्या सर्व प्रौढ माणसांची संमती लागते, आणि अशी माणसं किमान दोन असावी लागतात. त्यांनी माझा अर्ज पाहिला. अर्जात दोन माणसं होती. त्यांनी विचारलं, दुसरी व्यक्ती कुठाय? मी म्हटलं, फिरायला गेलीय. ते खिडकीबाहेर पुन्हा सुरू झालेल्या वादळाकडे बघत राहिले. मी म्हटलं, तिला सवय आहे.

एवढंच. इकडची बाकी खबर विशेष नाही. ढोपराला जप, ऑर्गनवाल्या बाईशी भांडू नकोस.

तुझा धाकटा
पान्को

ता.क. दुसरी व्यक्ती म्हणून मी तुझं नाव घातलं आहे. एका माणसाच्या शेताला योजना मिळत नाही, आणि त्या रकान्यापाशी आल्यावर मला दुसरं नावच सुचेना. वय एक्याऐंशी, काम मुख्य मेंढपाळ. कॉलीन शुक्रवारपूर्वी अर्जातल्या तुझ्या नंबरावर तुला फोन करणार आहे. तिने विचारलं की तुम्ही तिथेच राहता का, तर हो म्हण. एकच शब्द आहे. एरवी खोटं बोलायला मी तुला सांगितलं नसतं.

ता.क. दुसरा. मोठी खोली म्हणजे तुझी खोली. तुझ्या पलंगावर विलापिका आणि तिचं कोकरू आहे. आईची गोधडी मी वेळीच काढून घेतली. पडद्यांच्या बाबतीत उशीर झाला.

ता.क. तिसरा. आत्ता लक्षात आलं की हे पत्र शुक्रवारच्या आत तुला पोचणार नाही. फोनच करायचा होता, पण फोनची वायर विलापिकेने खाल्ली, आणि फेदिरकडे जायचा रस्ता बंद आहे. म्हणजे कॉलीनने विचारलं की तू खरं तेच सांगणार, तुला सवयच तशी. हरकत नाही. काहीतरी सुचेल. सातव्या कडव्यात काय होतं ते तेवढं कळव, कारण तेच

थांब. रस्त्यावर सरकारची बर्फ काढणारी गाडी येऊन थांबली आहे. पिंडर असणार, आणि आज मंगळवारच आहे, हा अन्याय आहे. कोणीतरी पायरीशी आलं. बूट झटकतंय.

उजवा दोनदा. डावा एकदा.

ताई, हे मी उभ्याने लिहितोय, कागद दाराला टेकवून. तू दारात आहेस, हातात तपकिरी सुटकेस, आणि म्हणते आहेस, "त्या पोरीला मी सांगितलं, हो, तिथेच राहते. आता बाजूला हो आणि मला माझ्या खोलीत जाऊ दे."

जरा थांब. आधी हे पत्र वाच.