आवळीखालची जागा

२० ऑक्टोबर, रविवार
पुन्हा तेच. सकाळी कॉलनीच्या मोकळ्या जागेत, ओपन स्पेसमध्ये, आवळीखाली झाडायला गेले आणि खराटा नेमका त्याच्यात. ताजं. ही आवळी मी लावली, टँकरच्या पाण्यातलं वाचवून जगवली. आवळी नवमीला तिच्याखाली ले-आऊटमधली सगळी वस्ती जेवायला बसते, आणि वर्षभर लोकांची कुत्री बसतात.
मागच्या नवमीला जाऊबाई अनवाणी प्रदक्षिणा घालत होत्या, पाय पडला. काही बोलल्या नाहीत बिचाऱ्या, पण जेवल्याही नाहीत. यंदा तसं होऊ देणार नाही. रोज सकाळी पहारा. हे म्हणाले, "ट्रेझरीत जलमभर लोकायची बिलं अडवली, आता कुत्री अडव."

२२ ऑक्टो., मंगळ.
पहिला पकडला. हा मोटरसायकलवर, साखळी हातात, शेजारून पळतंय काळं भलंमोठं कुत्रं. आवळीशी थांबला. कुत्र्यानं उरकलं, हा मोबाइल पाहतोय. म्हटलं, "उचला ते." म्हणतो, "आजी, सरकारी जागा हाय." आजी! टक्कल पडलंय मेल्याला. मी तोंड उघडेस्तोवर गाडी सुरू करून गेला. मी धुरात उभी.

२४ ऑक्टो.
नवराबायको, सोबत पांढरं केसाळ कुत्रं. बाई म्हणते, "आमचा चिकू बाहेर करतच नाही, घरीच करते." आणि चिकू तेव्हा करतच होता. नवरा आभाळात पाहत होता. म्हटलं, "मग हा काय प्रसाद हाय?" तरातरा निघून गेले. उचललं नाहीच.
घसा बसला. ह्यांना बीपीची काळजी. वाढू दे म्हटलं बीपी.

२६ ऑक्टो., शनि.
आज एक पोरगी. ओढणीनं तोंड बांधलेलं, खांद्याला बॅग, साधं तांबूस गावठी कुत्रं. पट्टा पण नाही, गळ्यात नाडा. केलं आणि निघाले दोघं. "ए, थांब!" तर थांबली. म्हणाली, "सॉरी काकू, ड्युटीले उशीर होऊन राह्यला."
मी सोडते होय. आईबापांनी शिकवलं नाही का, इथं बायका अनवाणी फिरतात, देवाची जागा आहे, सगळं ऐकवलं. मान खाली घालून ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, "आज जाऊ द्या काकू, पेशंट उपाशी बसून राह्यतात." गेली.
चला, एकीला तरी सुनावलं. छान वाटलं आज.

२८ ऑक्टो.
तीच पोरगी, पुन्हा. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तिथूनच फोटो काढला. पोरगी, कुत्रं, आवळी, सगळं स्वच्छ आलंय. शिवाय माझ्याकडे पाहून हात केलाय पोरीनं, काय करायचं ते कर म्हटल्यासारखा.
ले-आऊटच्या ग्रुपवर टाकला. "ही कोण? कुणाची भाडेकरू? हेच का संस्कार?" धडाधड अंगठे आले. कुणीतरी लिहिलं, मुजोरी पाहा, हात कशी करते. मनोहररावांनी लिहिलं, आमच्या वरच्या खोलीत आहे, योग्य ते करतो.
हे म्हणाले, "फोटो कायले टाकला? तोंडावर बोलली होती ना तू तिले." ह्यांना काय, ह्यांना झाडावं लागत नाही.

३० ऑक्टो., बुध.
चकल्या तळत होते, बेल वाजली. तीच. आज तोंड बांधलेलं नव्हतं. अगदीच लहान आहे हो, आमच्या लेकीपेक्षा, रेवापेक्षाही. हातात गाठ मारलेली पिशवी. "काकू, उचललं. या पाहाले." गेले बघायला. उचललं होतं, वर माती लोटून पाणीही टाकलं होतं. "रोज करशील?" म्हटलं. "करीन. मले माहीतच नव्हतं काकू, इथं पंगत बसते म्हणून."
नाव शीतल. लॅबमध्ये आहे, सकाळी घरोघरी जाऊन तपासणीचं रक्त घेते. कुत्र्याचं नाव बबलू. पावसात फाटकाशी कुडकुडत होता, घेतला वर. कागदात चकल्या बांधून दिल्या.
पोरगी उचलते म्हणून ग्रुपवर लिहिणार होते. तेल तापलं होतं. राहिलं.

३ नोव्हें.
पुसदहून रेवा, जावई, पोरं. घर डोक्यावर. शीतल रोज उचलते, गच्चीवरून दिसते. ग्रुपवर लिहायचंय.

६ नोव्हें., बुध.
रेवा गेली. घर रिकामं. दूध घेऊन येताना फाटकाशी मनोहरराव. एकदम खुशीत. "वहिनी, तुमचा फोटो कामी आला. खोली खाली कराले सांगितली तिले."
म्हटलं, "अहो, ती तर उचलते आता."
"कुत्र्याचं निमित्त हो. आडनाव पाहून आपल्यातलीच समजलो होतो आम्ही. दिवाळीत माय आली भेटाले, बंजारणी घालतेत ते फेटिया-कांचळी घालून. तवा समजलं, तांड्यावरची हाय. आता सरळ बोललं तं बरं दिसते का? म्हटलं, ग्रुपचंच म्हणणं हाय, माह्या हातात नाही."
आणि मी काय म्हणाले? "अच्छा." दुधाची पिशवी हातात धरून अच्छा म्हणाले आणि घरी आले. गाडीवाल्याला अडवणारी मी!
दिवसभर कशात लक्ष नाही. दूध उतू गेलं.

७ नोव्हें.
अखेर ग्रुपवर लिहिलं. "ही मुलगी आता रोज स्वतः साफ करते, मी पाहिलं आहे. माझी तक्रार मागे घेते." दोन नमस्कार आले, मग कुणीतरी सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकलं, त्याखाली माझं लिहिलेलं बुडालं. वाईटावर कशी तुटून पडली होती सगळी. चांगल्याला फूल.
फोटो काढून टाकायला गेले तर आता फक्त माझ्याच मोबाइलवरून पुसला जातो म्हणे. सगळ्यांकडे राहणार.
संध्याकाळी मनोहररावांकडे गेले. ह्यांना सोबत नेलं. स्पष्ट म्हटलं, माझ्या फोटोवरून काढत असाल तर काढू नका. मनोहरराव हसले. "वहिनी, तुमी कायले मनाले लावून घेता? घर आमचं हाय." त्यांच्या बायकोनं, कुंदाताईंनी, चहा आणला. ह्यांनी घेतला नाही, उठले. मी अर्धा प्याले, मग ठेवला. तो अर्धा तरी कशाला प्याले.

९ नोव्हें., शनि.
आज जिना चढून शीतलच्या खोलीवर गेले. भांडी एका पोत्यात भरणं चाललेलं. बबलू मला पाहून भुंकला, मग माझे पाय हुंगून शेपटी हलवायला लागला. मेला, त्याला काय माहीत.
चूक झाली म्हटलं. सरळ म्हटलं, आढेवेढे घेतले नाहीत. ती भांडी भरत राहिली. म्हणाली, "तुमी गच्चीवर होत्या ना काकू, मी हात केला तुमाले. मले वाटलं, बबलूचा फोटो काढून राह्यल्या."

ओळख दाखवत होती पोरगी. दोनच दिवसांपूर्वी मी तिला आईबापावरून बोलले होते, तरी. आणि मी काय पाहिलं त्या हातात!
म्हटलं, उद्या आवळीखाली जेवायला ये, माझ्या शेजारी बस. तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मनोहरकाकू वाढतील मले?" तिच्या आवाजात राग नव्हता, विचारलं फक्त.  "मी वाढीन" एवढं तरी म्हणता आलं असतं. आत्ता सुचतंय.
"उद्या खोली पाहाले जायचं हाय," म्हणाली.

१० नोव्हें., रवि. आवळी नवमी
जागा आरशासारखी. पहाटे सडा घातला, रांगोळी काढली. पूजा झाली, झाडाला सूत गुंडाळलं, जाऊबाईंनी अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. पंगत बसली. गोळाभात, कढी, भजी, आवळ्याचं लोणचं. जी ती म्हणे, काकू, यंदा तुमच्यामुळं. कुंदाताई म्हणाल्या, "काकूंनी धडा शिकवला एकीले."
मी बोलले. भर पंगतीत. "ती उचलत होती. धडा चुकीच्या माणसाला शिकवला मी. आणि तुम्ही तिला कुत्र्यापायी काढलं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."
 मग जाऊबाई म्हणाल्या, "कढी वाढा हो इकडे." आणि पुन्हा बोलणी सुरू, रेशमाच्या साडीची, कुणाच्या सुनेची. कुंदाताई माझ्या पानात भजी वाढायचं टाळून पुढे गेल्या.
शीतल आली नाही. मी तिचं पान मांडलंही नव्हतं. मांडायला हवं होतं, येवो न येवो.

१३ नोव्हें.
मोटरसायकलवाला पुन्हा. पुन्हा आवळीशीच. ओरडले, गेला. थांबतो कशाला?
शेजारच्या पोरांना विचारलं, कुणाचा कोण. ग्रुपवर त्याच्या नावानिशी लिहिलं. लगेच फोन. मनोहरराव, "वहिनी, जाऊ द्या, मोठ्या घरचा पोरगा हाय, उद्या काम पडते." दुसऱ्या एकांचा फोन, "कुत्रंच ते, त्याले काय समजते?" अंगठा एकही नाही.
मीच सुपलीत भरून उचललं. उचलताना रडू आलं. ती थांबली होती, म्हणून तिला बोलता आलं. पायी होती, एकटी होती, काकू म्हणत होती. गाडीवाल्याचा राग, चिकूवालीचा राग, सगळा मी तिच्या अंगावर ओतला, आणि त्या दिवशी इथंच लिहून ठेवलं, छान वाटलं आज.

१७ नोव्हें., रवि.
शीतल गेली. सकाळी माल-ऑटो आला. सामान ते केवढं, एक गादी, दोन पोती, गॅस. मनोहररावांच्या घराचे दरवाजे बंद. हे गेले मदतीला, गादीचं एक टोक धरलं. मी डबा घेऊन गेले.
नवी खोली दारव्हा रोडकडे, तिथं कुत्रं चालत नाही. बबलूला आईकडे पोचवणार, नेरजवळच्या तांड्यावर. त्याच्या गळ्यात तोच नाडा.
म्हटलं, "माझ्याकडे राहू दे बबलू. मी सांभाळते. तू येत जा त्याला भेटायला."
म्हणाली, "तुमच्याइथं? आन् मंग त्याचा फोटो कोण काढन काकू?"
हसून म्हणाली. ऑटोवालाही हसला. मीही हसले, काय करणार.
डबा घेतला नाही, ड्युटीवर खाणं होत नाही म्हणाली. ह्यांना मात्र वाकून नमस्कार केला.

२१ नोव्हें.
शीतलला फोन केला. सामान चढवताना ह्यांनी तिचा नंबर घेतला होता, माझा दिला होता. उचलला नाही. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. हे म्हणाले, "तुले माफी पाह्यजे, तिले झोप पाह्यजे. कायले तरास देतं पोरीले?"
खरं आहे. माफी मागायची घाई पण माझीच.

२५ नोव्हें., सोम.
काल शीतलच्या लॅबला फोन केला. माझी शुगरची तपासणी करायचीच होती. शीतललाच पाठवा असं म्हटलं नाही, तेवढा शहाणपणा केला. "कोण येईल?" एवढं विचारलं. "ज्याची ड्युटी असन तो."
सकाळी तीच आली.
चप्पल बाहेर काढली, बसली. "उपाशी आहात ना?"  हाताला पट्टा बांधला. "मूठ आवळा." आवळली. शीर लगेच सापडली तिला, दुखलं नाही. हे आतून चहा करू का म्हणाले, "नको काका, अजून लय घरं हायेत."
विचारलं, "बबलू कसा आहे?"
"मायजवळ हाय."
"जेवतो ना?"
बाटलीवर नाव लिहीत होती. "दारातच बसून राह्यते म्हणे."
रिपोर्ट न्यायला मीच लॅबवर येऊ का म्हटलं. "नाही, मोबाइलवर येते. नंबर सांगा." अर्धा सांगितला तोच तिच्या मोबाइलवर पुढचा आपोआप आला, माझ्या त्या दिवशीच्या फोनांमुळं. वर नाव लिहिलेलं होतं. चष्मा डोळ्यांवरच होता. 'फोटोवाल्या काकू.'
मी वाचलं हे तिनं पाहिलं. मोबाइल पालथा केला नाही, काही सारवासारव केली नाही. कापसाचा बोळा कोपराच्या आतल्या बाजूला ठेवला, माझंच बोट त्यावर दाबलं आणि म्हणाली, "दाबून धरा. लगेच सोडू नका, काळं पडते."
गेली. फाटक लावून गेली नीट.
हे बाहेर आले, काय म्हणाली विचारलं. म्हटलं, काही नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करा म्हणाली. तसं ती म्हणाली नव्हती. तीन महिन्यांनी तिलाच पाठवा म्हणून सांगावं का नाही, ते ठरत नाही.