काका, साधनाला आमच्या कॉलेजात घालू नका

गोरेगाव (जि. हिंगोली), रविवार

ती. किसनकाका यांस,

पुतण्या माऊली याचा दंडवत. (बसल्या जागीच घातला आहे असं समजा. या भाड्याच्या खोलीत खाट आणि गॅसची टाकी सोडून जी जागा उरते तिच्यात माणसाला पूर्ण आडवं होता येत नाही.) काकूंचा गुडघा कसा आहे? हळद उगवून आली का? मी बरा आहे. बरा म्हणजे दवाखान्यात न्यावं लागेल असं काही नाही.

तुम्ही फोनवर विचारलंत की साधना बारावी झाली, मार्क चांगले पडले, तर तिला नांदेडला ठेवावं की "आपला माऊली हाये तितं" म्हणून माझ्याच कॉलेजात घालावं. मी नुसतं "बघू" म्हणालो, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग अख्खी आळी मला सल्ले देत बसते. म्हणून लिहून कळवतो. घालू नका. सख्ख्या बहिणीसारखी आहे ती मला, म्हणून सांगून राहिलो. यात माझंच नुकसान आहे, तेही ऐका. पहिल्या वर्षाचा वर्ग भरला नाही तर लोकप्रशासनाचे तास बंद होणार, आणि मी पडलो तासावरचा मास्तर, तास गेले की मी गेलो. (पीएचडी झालेला मास्तर दर जूनला नव्यानं अर्ज करतो, हे आपल्या गावात अजून कुणाला पटत नाही. पोरी दाखवणाऱ्यांना मात्र लगेच पटतं.) तरी घालू नका म्हणतोय, म्हणजे बघा.

काहून, ते सांगतो. नव्या पोरांना कॉलेजची ओळख करून देणारा एक वर्ग घ्यायचा, असं वरून फर्मान आहे. त्याला दीक्षारंभ म्हणतात. ज्या कामाला कुणी हात लावत नाही ते तासावरच्या मास्तराकडं येतं, तसं हे माझ्याकडं आलं. ग्रंथालय, परीक्षा, वेळेचं नियोजन, पुढं नोकरी कशी मिळवायची, सगळं मी शिकवायचं (नोकरी कशी मिळवायची हेसुद्धा मीच). आणि रोज वर्गाचा फोटो पाठवायचा, ज्याच्यावर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते तसला. शिकवलं का, हे कुणी विचारत नाही. फोटो विचारतात.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये मी होतो, आमचा शिपाई धनसिंग होता, आणि पाहुण्याच्या सत्काराची शाल होती. पोरं नव्हती. पोरी सोयाबीनच्या खुरपणीला, पोरं हिंगोलीत पोलीस भरतीच्या तयारीला पळून राहिलेली. त्यांनी यावं तरी काहून? मे महिन्यात आम्हीच गावोगाव फिरून त्यांच्या टी.सी. गोळा केल्या, तेव्हा "यायची गरज नाही, परीक्षेला या" असं आम्हीच सांगून आलो होतो. आमचे प्राचार्य राधाकृष्ण सर म्हणाले, काही करा, उद्या हॉल भरला पाहिजे. मी पोरांच्या ग्रुपवर टाकलं की उद्या स्कॉलरशिपची कागदं तपासणार, जो येणार नाही त्याचं तो बघेल.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. आईबापांनी. प्रवेशाच्या वेळी घाईत आम्ही सगळे नंबर बापाचे लिहून घेतले होते, त्यामुळं पोरांचा म्हणून जो ग्रुप होता तो सगळा बापांचा निघाला. राशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, असं पिशव्या भरभरून आणलं होतं. एकानं सातबाराही आणला, "असू द्या" म्हणून. मी सरांकडं पळालो. ते म्हणाले, माणसं बसलीत ना? घ्या सुरू करून.

घेतलं मग. भल्या पहाटे धारा काढून आलेल्या माणसांना मी लवकर उठण्याचे फायदे सांगितले. रॅगिंगविरोधी शपथ दिली. नातवाच्या जागी आलेल्या चांगुणाबाईंनी हात पुढं करून, कोणत्याही विद्यार्थ्याचा छळ करणार नाही, असं खणखणीत म्हटलं, आणि वर विचारलं, "नातवाचा केला त चालतंय का? त्यो सकाळी उठतच न्हाई." मग ग्रंथालय दाखवायला नेलं. कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडं ते संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातही ग्रंथपाल आहेत (त्या दिवशी तिकडंही नव्हते). सगळ्यांनी काचेला डोळे लावून पुस्तकं बघितली आणि समाधानानं मागं फिरले.

शेवटी फोटो. सर म्हणाले, पांढरे केस फार दिसतात, मागून घ्या. मागून घेतला तर टोप्या आणि रुमाल. मग मला सांगावं लागलं, टोप्या काढा. माझ्या बापाच्या वयाच्या माणसांनी काही न विचारता टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. लाज वाटली काका मला. अजून वाटते.

त्यानंतर नोकरीचं व्याख्यान होतं. ते संपल्यावर तांड्यावरचा देवला उठला. "सर, समदं बराबर सांगितलं. पन तुमी स्वता नौकरी काय करता?"

म्हटलं, हेच. शिकवतो.

"ते दिसून राहिलं. नौकरी काय करता?"

लोक हसले, पण तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या पेमाचा प्रवेश मीच करून आणलाय. म्हणाला, "पोरगी म्हनती, मला माऊली सरांसारखं व्हायचंय. म्हनून इचारलं." तेवढ्यात सर म्हणाले, चहा आला.

तर काका, नांदेडला घाला लेकराला. तिथंही असेच हाल असतील, कुणी सांगावं. पण निदान ग्रंथालय उघडं असेल. खोली बघायची तकलीफ मी घेतो. काकूंना नमस्कार.

तुमचा,
माऊली

ता. क. पत्र घडी घालत होतो तर सरांचा फोन आला. देवला पेमाची टी.सी. भांडून परत घेऊन गेला. वर्गाला एक नाव कमी पडलं, आणि मंगळवारपर्यंत भरलं नाही तर माझे तास बंद. तरी साधनाची टी.सी. ताबडतोब पाठवा. मूळ पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. धनसिंगचा मेव्हणा आपल्या गावाकडं, हट्ट्याला निघालाय, पत्र त्याच्याच हाती देतो, टी.सी.ही त्याच्याच हाती द्या. वरचं सगळं फाडून नवं लिहायला पाहिजे होतं, पण माणूस दारात उभा आहे. रागाच्या भरात लिहिलंय ते. पुढच्या वर्षी तिला नांदेडला बदलून घेऊ. (असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो.)

ता. क. २. हे पत्र काकूंना वाचून दाखवू नका, साधनाला तर नाहीच. आणि तिला एवढं सांगा, वर्गात आलीच तर मागं बसत जा म्हणावं. ती पुढं बसली तर मला शिकवता येणार नाही.